शेजारचं मूल आणि आपली शंका



गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत आपण ‘विश्वास’ या विषयावर बोललो होतो. सभा संपली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, आणि एक तिशीतला तरुण मागे रेंगाळला. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. चाकणला कामाला, राहायला कुरुळीच्या बाजूला. तो म्हणाला, “सर, विश्वासाचं सगळं पटलं. पण आमच्या बाजूच्या खोलीत सहा-सात वर्षांची एक पोरगी आहे. नाईट करून सकाळी घरी आलो की तिचं रडणं ऐकू येतं. आई कामावर गेलेली असते, बाप घरी असतो. आम्ही काय करायचं?”

आम्ही पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. पण खरं सांगतो, त्या क्षणी आमच्याकडे व्याख्यान नव्हतं. एक फोन नंबर होता, तो आम्ही त्याला दिला. तो नंबर पुढे येईलच. नंबर लिहून घेऊन तो जाता जाता म्हणाला, “पण सर, नक्की काहीच माहीत नाही ना!”

आजचं व्याख्यान त्याच्या या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. आपल्यापैकी बहुतेकजण हे वाक्य म्हणून गप्प बसतात. ‘नक्की माहीत नाही’ या तीन शब्दांआड किती मुलं एकटी पडत असतील याचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

आपला पट्टा, आपल्या भिंती

आधी आपण कुठे राहतो ते पाहू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग भोसरीची एमआयडीसी, आकुर्डी, चिंचवड, आणि अलीकडच्या दोन-तीन दशकांत चाकण, महाळुंगे, निघोजे. या कारखान्यांनी लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्यापासून बिहार-ओडिशापर्यंतच्या माणसांना पोट भरायला जागा दिली. इथे आलेलं कुटुंब मात्र बहुधा एकटं आलं. आजी गावाकडे राहिली, चुलती गावाकडे राहिली. दहा बाय दहाच्या खोलीत नवरा, बायको आणि दोन लेकरं. तो सेकंड शिफ्टला, ती सकाळी धुणीभांड्याला नाहीतर पॅकिंगला. मधल्या दोन-तीन तासांत मूल कुणाकडे? या प्रश्नाला आपल्या औद्योगिक पट्ट्याने नीट उत्तर कधी दिलेलंच नाही. तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर हवं, असं १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितलं होतं. पण कंत्राटावर, रोजंदारीवर आणि दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला त्याचा उपयोग किती झाला, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

वाड्यात एखाद्या पोराला कुणी जास्त मारलं तर चार बायका मधे पडत. त्या वाड्याचे फार गोडवे गाण्याचं कारण नाही. तिथेही पुष्कळ काही झाकलं जाई. पण मधे पडण्याचा हक्क तिथे गृहीत धरलेला होता. आज भिंत चार इंचांची आहे, पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि मधे पडण्याचा हक्क मात्र गेला. ऐकू सगळं येतं, पण विचारायचं कुणी?

खांब की माणूस?

आता आमच्या विषयाकडे वळतो. घाबरू नका, पाच मिनिटंच लागतील. (हशा)

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. पहिला प्रमाण, दुसरा प्रमेय आणि तिसरा संशय. निर्णय येतो नवव्या क्रमांकावर. संशयाचं जुनं, ठरलेलं उदाहरण आहे: संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांब काहीतरी उभं दिसतं. तो खांब आहे की माणूस? दोन्ही शक्य आहे. वात्स्यायनाने भाष्यात मोठी मार्मिक गोष्ट सांगितली. जे मुळीच ठाऊक नाही त्याची चौकशी होत नाही, आणि ज्याचा निर्णय झाला आहे त्याचीही होत नाही. चौकशी होते ती संशय असलेल्या गोष्टीची.

म्हणजे आपल्या परंपरेत संशय हा दोष नाही, तो चौकशीचा आरंभ आहे. आपण व्यवहारात दोन चुका करतो. काहीजण तिसऱ्या पायरीवरून एकदम नवव्या पायरीवर उडी मारतात. रडणं ऐकलं, की ‘तो बापच तसला आहे’ असं वस्तीभर सांगत सुटतात. दुसरे, आणि हे संख्येने जास्त, नववी पायरी दिसत नाही म्हणून तिसरीवरच बसून राहतात. ‘नक्की कळलं की बघू.’ पण नक्की कळणार कसं? बंद दाराआडची गोष्ट शेजाऱ्याला नक्की कळेल ती बहुतेक वेळा फार उशिरा.

तेव्हा आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. शंका सांगणं म्हणजे आरोप करणं नव्हे. शंका आपली, निर्णय दुसऱ्याचा. आपलं काम एवढंच, की ज्याला चौकशीचा अधिकार आहे आणि जबाबदारीही आहे, त्याच्यापर्यंत आपली शंका वेळेवर पोचवायची. खांब आहे की माणूस हे जवळ जाऊन पाहणारी माणसं नेमलेली आहेत. आपण फक्त सांगायचं, ‘तिथे काहीतरी उभं दिसतंय.’

आमची चूक

हे आम्ही उंचावरून सांगत नाही आहोत. नव्वदच्या दशकात आम्ही आकुर्डीत भाड्याने राहत होतो. वरच्या मजल्यावर आठेक वर्षांचा एक मुलगा होता. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला पट्ट्याचा आवाज यायचा. पट्ट्याचा आवाज एकदा ऐकला की दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही. मे महिन्यात तो मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खेळायला यायचा. सौभाग्यवतींनी एकदा त्याला लाडू दिला, तर त्याने तो दारातच उभ्या उभ्या, दोन घासांत संपवला. वडील जिन्यात भेटले की हात जोडून ‘नमस्कार सर’ म्हणायचे. इतका सभ्य माणूस!

आम्ही दोघं रात्री बोलायचो. मुलगा खोडकर असेल. नोकरीचा ताण असेल. आपण वर गेलो आणि त्याचा राग पुन्हा पोरावरच निघाला तर? यातली प्रत्येक शंका रास्त होती. त्या सगळ्यांची बेरीज मात्र अशी झाली, की आम्ही चार महिने काहीही केलं नाही. जूनमध्ये एका रविवारी टेम्पो आला, सामान भरलं गेलं. मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने हात हलवला.

तो ज्या शाळेत जायचा ती आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होती. त्याच्या वर्गाच्या बाईंना जाऊन, ‘या मुलाकडे जरा लक्ष ठेवा’ एवढं म्हणता आलं असतं. त्याला पुरावा लागत नव्हता. आज तो चाळिशीच्या आसपास असेल. कुठे आहे, कसा आहे, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही चार महिने पुरावा जमवत बसलो होतो, आणि पुरावा रोज आमच्या डोक्यावरच्या छतातून खाली येत होता.

‘ही त्यांच्या घरची गोष्ट आहे’

दुसरी अडचण अशी, की घरात बाहेरच्यांनी डोकावू नये असं आपल्याला मनापासून वाटतं. हा विचार पोकळ नाही. घराला आडोसा हवाच. पण हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्याआधी कलकत्त्याला फूलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. पुण्यात केवढं रण माजलं! परक्या सरकारने आमच्या सामाजिक गोष्टींत कायद्याने हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा. आगरकर आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर कायद्याच्या बाजूने. भांडारकरांनी तर धर्मशास्त्राच्याच आधाराने पाठिंबा दिला. टिळकांना मुलींचे हाल हवे होते असं कुणी समजू नये. ‘दार कुणी उघडायचं’ असा त्यांचा प्रश्न होता. पण दाराआड जी मुलगी होती, तिला दार कुणी उघडलं याने काय फरक पडणार होता?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात व्यक्तिस्वातंत्र्याची सर्वांत जोरदार बाजू मांडली. स्वातंत्र्याचा एवढा कैवारी, पण मुलांचा विषय आला की तो ठाम होतो. बाप मुलाला आपल्याच शरीराचा अवयव समजतो ही गफलत आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. माझ्या हाताला मी चिमटा काढला तर तो माझा प्रश्न. पण माझं मूल म्हणजे माझा हात नव्हे. ते दुसरं माणूस आहे. घराचा आडोसा त्या दुसऱ्या माणसासाठीही आहे, केवळ बापासाठी नाही.

भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा मान्य केला तो याच अर्थाने. मूल कुटुंबाच्या ताब्यात असतानाही हिंसेपासून त्याचं रक्षण करणं ही राज्याची जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलं आहे. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तेरांत महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना तो आईवडिलांकडूनच मिळाला होता. आणि बहुसंख्य मुलांनी आपल्यावरचा अत्याचार कुणालाही सांगितला नव्हता. मुलं सांगत नाहीत म्हणून आपण सांगायचं, इतकं साधं आहे हे.

काळजी कशाची आहे, ते आधी ओळखा

सगळ्या काळज्या एका मापाच्या नसतात. आपण तीन गट करू.

पहिला गट गरजेचा. बाहेरून कुलूप आणि आत दोन लेकरं. शेगडी, उघडा स्विचबोर्ड आणि पाण्याचा ड्रम. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे घरोघरी पिंप-बादल्या भरलेल्या असतात. रांगणारं, नुकतं चालायला लागलेलं मूल अर्ध्या बादलीतसुद्धा बुडू शकतं. अशा ठिकाणी बहुतेक वेळा आईबाप दुष्ट नसतात, त्यांना पर्याय नसतो. तिथे पहिली पायरी पोलिसांची नाही, शेजाराची आहे. “वहिनी, एक किल्ली आमच्याकडे ठेवा.” “ड्रमला झाकण आणि वर वजन ठेवा.” अंगणवाडी सेविकेशी गाठ घालून द्या. दोघा-तिघांच्या शिफ्ट जुळवून आळीपाळीने मुलं सांभाळता येतात. चाकणच्या खोल्यांमधून बायका हे न सांगता करतातच. मुलांना बाहेरून कुलूप लावून जाऊ नये, कारण आग लागली तर ते कुलूप कुणालाच उघडता येत नाही.

दुसरा गट मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं आणि सतत अपमान यांचा. एखादी चापट आणि हे यांत फरक आहे. (चापटही योग्य नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) खुणा अशा: पुन्हा पुन्हा वळ, भाजल्याचे डाग, जखमेची दर वेळी वेगळी हकीकत. घरी जायची वेळ झाली की मूल गप्प होतं. मोठ्या माणसाने हात नुसता वर केला तरी अंग चोरतं. शाळेत डबा नाही. एका खुणेवरून काही सिद्ध होत नाही. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की आपली शंका सांगण्याइतकी मोठी झाली.

तिसरा गट लैंगिक अत्याचाराचा. हा शब्द आपण सभेत उच्चारत नाही, म्हणून मुद्दाम उच्चारतो. नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. मूल एकाएकी एका विशिष्ट माणसाजवळ जायला नकार देतं, झोपेत दचकतं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, वयाला न शोभणाऱ्या गोष्टी खेळात करतं. तेव्हा ‘मामाला असं म्हणू नये’ असं दटावू नका. आधी थांबा, ऐका.

सांगायचं कुणाला?

जीव धोक्यात असेल, आत्ता मारहाण चालू असेल, तर ११२. वेळ घालवू नका.

मूल अडचणीत आहे अशी काळजी असेल तर १०९८. हाच नंबर आम्ही त्या तरुणाला दिला. चोवीस तास, मोफत. ही सेवा आपल्याच राज्यात जन्मली. १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी ती सुरू केली. पुढे ती देशभर गेली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं. फोनवर आपण काय पाहिलं, काय ऐकलं, किती वेळा, आणि मूल कुठे राहतं, एवढंच सांगायचं. ‘मला वाटतं बाप दारुडा आहे’ हे नको. ‘गेल्या पंधरा दिवसांत चार वेळा रात्री मारल्याचा आवाज आला, काल दंडावर वळ दिसले’ हे हवं. तारखा एका वहीत लिहून ठेवल्या तर उत्तम. पण वही भरेपर्यंत थांबू नका.

प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. संरक्षणाची गरज असलेलं मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीसमोर न्यावं लागतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. आपल्या भागात १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं आणि चाकणही त्यात आलं. आधी चाकण पुणे ग्रामीणमध्ये होतं, त्यामुळे हद्दीचा घोळ अजून काहींच्या डोक्यात आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द मागाहून पाहिली जाते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र सांगणं ऐच्छिक नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या किंवा होण्याची भीती वाटणाऱ्या कुणाही व्यक्तीने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. ‘भीती वाटणाऱ्या’ हा शब्द लक्षात घ्या. कायदा निर्णय मागत नाही, शंका मागतो. गौतमाची तिसरी पायरी! गुन्ह्याची माहिती असून कळवलं नाही तर शिक्षा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. दवाखाना सरकारी असो वा खासगी, त्याला प्रथमोपचार मोफत द्यावेच लागतात.

मूल बोललं तर

समजा, मूल तुमच्याकडेच आलं आणि बोललं. तर तुम्ही कमी बोला. ‘तू सांगितलंस, बरं केलंस. तुझी चूक नाही.’ हे एवढेच शब्द पुरेत. उलटतपासणी घेऊ नका. ‘मग त्याने असं केलं का, तसं केलं का’ असं विचारल्याने मूल गोंधळतं आणि पुढे त्याच्या शब्दांचं वजनही कमी होतं. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मोडलं तर मुलाचा उरलेला विश्वासही जाईल. म्हणा, ‘मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन.’ लैंगिक अत्याचार ताजा असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, तसंच दवाखान्यात न्या. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी भांडायला जाऊ नका. तुम्ही परत येता, मूल तिथेच राहतं.

आणखी एक. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हा दोन्ही कायद्यांखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मुलाला पुढे याच गावात, याच शाळेत जगायचं आहे.

दोन भीती

‘शंका खोटी निघाली तर?’ तर बरंच झालं! मूल सुखरूप आहे, कुणीतरी दाराशी येऊन पाहून गेलं. ज्या घरात काही नाही, त्याला थोडा मनस्ताप होईल, हे खरं. तो आम्ही नाकारत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा.

‘मूल उचलून नेतील का?’ ही भीती आमच्या वस्त्यांत फार खोल आहे. कायद्याचं तत्त्व उलटं आहे. मुलाची जागा शक्यतो कुटुंबात, संस्था हा शेवटचा उपाय. मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्याच कलमात असंही म्हटलं आहे, की परिस्थितीपुढे हतबल होऊन जन्मदात्या आईबापांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं धरू नये. कायद्यालाही दारिद्र्य आणि क्रौर्य यांतला फरक कळतो. अंमलबजावणी नेहमी तशी होतेच असं नाही. म्हणूनच फोन करून विसरू नका. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*संशय आपल्याच घरातल्या माणसावर असेल तर बाईने काय करावं? ती जाणार कुठे?*

ताई, हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. पहिलं काम आज रात्रीचं: त्या माणसाबरोबर मूल एकटं राहू नये. बहिणीकडे, माहेरी, विश्वासू शेजारणीकडे न्या. लगेच जाब विचारू नका, आधी मुलाला बाजूला काढा. मग १०९८, आणि स्वतःसाठी महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालय त्या पुरुषालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतं. दर वेळी बाईनेच पोरं घेऊन रस्त्यावर यावं असं नाही. पैशाची अडचण खरी आहे, आम्ही ती सोपी करून सांगणार नाही. पण ‘घर मोडेल’ म्हणून थांबू नका. ते घर मुलासाठी आधीच मोडलेलं असतं.

*आमच्या वस्तीत बाहेरच्या राज्यातली माणसं आहेत. त्यांच्यात मारझोड फार चालते.*

‘त्यांच्यात’ हा शब्द आपण काढून टाकू या. आकुर्डीतला आमचा शेजारी सुशिक्षित, मराठी आणि अत्यंत नम्र होता. शंका मुलाच्या अंगावरच्या खुणेवरून घ्यावी, बापाच्या आडनावावरून नव्हे. पोटापाण्याला आलेल्या माणसाला भाषा येत नाही, नियम ठाऊक नसतात. त्याला मदतीची गरज जास्त असते. आणि त्याचं मूलही इथलंच मूल आहे.

*सर, खरं बोलतो. बारा तासांची ड्युटी करून आल्यावर माझाच हात उठतो. मी काय करू?*

तुम्ही सभेत उभं राहून हे बोललात, यातच अर्धं काम झालं. हात उठायच्या आधी खोलीबाहेर जा, दहा मिनिटं गल्लीत फिरा. बायकोला सांगून ठेवा, की अशा वेळी पोराला शेजारी पाठव. मनावरचा ताण फार होत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि मारून झालंच, तर नंतर मुलाजवळ बसून ‘माझं चुकलं’ म्हणा. त्याने बापाचा मान कमी होत नाही.

शेवटी त्या चाकणच्या तरुणाविषयी. त्याने फोन केला. महिन्याभराने त्याचा आम्हाला फोन आला. म्हणाला, “सर, माणसं येऊन गेली. घरच्यांशी बोलली. पोरगी आता सकाळी आईबरोबर बाहेर पडते, आत्याकडे असते म्हणतात. पण नक्की काय झालं ते मला कुणी सांगितलंच नाही.”

आम्ही म्हणालो, “दादा, तुम्हाला सांगायचं नसतंच ते.” निर्णय त्याचा नव्हता. त्याने शंका पोचवली, आणि ती पोचली. सकाळी नाईटवरून येताना रडणं ऐकू येतं का, एवढं मात्र आम्ही विचारलं. तो म्हणाला, “नाही येत.”